पगारासाठी गेले होते

दाभोसाला मी देवाच्या हाकेने गेले नाही, पगारासाठी गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या निरोपसमारंभात ‘पाचारण’, ‘समर्पण’ असे शब्द बरेच उधळले गेले आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतले. खरी हकीकत अशी. नर्सिंग संपवून मी वसईतल्या एका खासगी इस्पितळात नोकरीला लागले होते. विहिरीचं पाणी खारं होत चालल्याने वडिलांची बागायत बसत आली होती, पाठची दोन भावंडं शिकत होती. एका रविवारी मिस्सानंतर सूचना वाचली गेली की जव्हारकडे मिशनच्या फिरत्या दवाखान्याला नर्स हवी आहे, राहण्या-जेवणाची सोय होईल. म्हणजे पगार अख्खा घरी पाठवता येणार होता. शिवाय माझ्या लग्नाची जी बोलणी चालली होती ती मला नको होती आणि तसं तोंडाने सांगायची सोय नव्हती. जव्हार त्या मानाने सोपं होतं.

मुलाखतीला जाताना मी गोरगरिबांत प्रभूची सेवा करण्याविषयी एक वाक्य पाठ करून नेलं होतं. समोर बसलेल्या वयस्क सिस्टरने ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. “पावसात चालायची सवय आहे का? जीप सगळीकडे जात नाही,” एवढंच तिने विचारलं. पुढे ओळख मुरल्यावर मी तिला म्हटलं, सिस्टर, मी का आले ते तुम्ही तेव्हा विचारलंच नाहीत. ती म्हणाली, “विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस. मग मला तुला माफ करत बसावं लागलं असतं. दवाखाना कोणी चालवायचा?”

दाभोसा म्हटलं की आता लोकांना धबधबा आठवतो. जव्हारहून सिल्व्हासाच्या रस्त्याला लागलं की लेंडी नदीचं पाणी सुमारे ३०० फुटांवरून कोसळताना दिसतं, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. आमचं काम या धबधब्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर. वारली, कोकणा, थोडी कातकरी वस्ती. उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद, खालच्या पट्टीत भात. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही, आणि चैत्र लागला की त्याच डोंगरावर बायका हंडे घेऊन कोरड्या नदीत झिरे उकरत बसतात.

मी गेले ते दिवस वावर-वांगणीनंतरचे होते. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं दगावली, ते वर्तमानपत्रांत आलं आणि मग तालुक्यात माणसांची रीघ लागली. पुढारी आले, पत्रकार आले, विद्यापीठांतून सर्वेक्षणवाले आले, आम्ही चर्चवाले आलो, आमच्यामुळे सावध होऊन आमच्या विरोधातलेही आले. एकेका पाड्यावर एकाच दिवशी दोन-तीन जीपगाड्या. कोणाला बातमी हवी होती, कोणाला मतं, कोणाला पीएचडी, कोणाला आत्मे, आणि मला पगार. पाड्यावरच्या म्हाताऱ्या या सगळ्यांकडे सारख्याच नजरेने बघत. त्यांना एवढंच कळून घ्यायचं असे, की या गाडीत औषध आहे का. १९९५ साली सरकारने नवसंजीवन योजना आणली. तिच्यामागे किती कळवळा होता आणि किती अब्रू वाचवायची घाई, याचा हिशोब मी कधी मांडला नाही. त्या योजनेतला डॉक्टर भर पावसात पाड्यावर पोचला की माझं निम्मं काम हलकं होई.

माणसाच्या हेतूंविषयी आणि देवाच्या हेतूविषयी मी विचार करायला लागले ती इथे. पुस्तकातून नव्हे. धर्मज्ञान घरातलं होतंच: संध्याकाळची रोझरी, उपवासकाळात कुरिसाची वाट, आजीच्या तोंडून योसेफाची गोष्ट. पण घरी सगळे आपल्यासारखेच असतात, तिथे हेतू तपासायची वेळ येत नाही.

सुरुवातीच्याच पावसाळ्यात एका घरातलं मूल अतिसाराने पार गळून गेलं होतं. भगताने उतारा टाकला होता, कोंबडं गेलं होतं. आम्ही सलाईन लावलं, रात्र काढली, मूल तरलं. पुढच्या रविवारी ते अख्खं घर प्रार्थनेला हजर. आई, बाप, आजी, झोळीत मूल. आमच्यातल्या काहींना फारच आनंद झाला. आणखी काही रविवार ते आले, मूल धडधाकट झालं आणि येणं थांबलं. मला राग आला. गरज सरो अन् वैद्य मरो, असं मी बोललेही. सिस्टर भाकरी थापत होती. तिने लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची आठवण करून दिली. बरे दहा झाले, आभार मानायला परत आला एक. “नऊजण कुठे गेले असं प्रभूने विचारलं हे सगळ्यांना पाठ असतं. त्या नऊजणांचा रोग त्याने परत अंगावर घातला नाही, हे कोणाच्या लक्षात राहत नाही,” ती म्हणाली. आणि मग, तव्याकडे बघत, “तू रागावलीस ती त्यांच्यावर की तुझा रविवार रिकामा दिसला म्हणून?”

ही तिची पद्धत होती. आयुष्याचा हेतू वगैरे ती विचारायची नाही. आज अमक्यावर ओरडलीस ते का, तमक्या घरी दोनदा गेलीस आणि शेजारच्या घरी एकदाही नाही ते का, असं विचारायची. शेजारचं घर दारू पिऊन शिव्या देणाऱ्याचं होतं आणि पहिल्या घरी मला चहा मिळायचा. उत्तर सोपं असे. द्यायला जड जाई.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः लोकांना तोंडावर सांगतो, की तुम्ही भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून माझ्यामागे आला आहात. हा भाग मी शेकडो वेळा ऐकला असेल, पण त्यातला क्रम मला दाभोसाला दिसला. आधी त्याने त्यांना जेवू घातलं, मग बोलला. जेवणाच्या आधी पंगतीत फिरून कोण कशासाठी आलाय याची चौकशी त्याने केली नव्हती.

एकदा एक बाप आला. मुलाला आमच्या ओळखीच्या वसतिगृहात घालायचं होतं. त्याने सरळच सांगितलं, “फादर, मी बाप्तिस्मा घेतो, पोराला जागा द्या.” सौदा स्वच्छ होता, लपवाछपवी नव्हती. फादर वयस्क होते. ते म्हणाले, जागा आहे, पोराला सोमवारी घेऊन ये. बाप्तिस्म्याचं दोन वर्षांनी बघू. दोन वर्षांनी त्या माणसाने विषय काढला नाही, फादरांनीही काढला नाही. मुलगा शिकला, आज सरकारी नोकरीत आहे, घरात हिरवा देव आहे आणि दर पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे शेवळीची भाजी पोचते. आमच्यातल्याच काहीजणांनी या फादरांना नाव ठेवलं, की हातात आलेला मासा सोडला. माझं मत विचाराल तर त्या काळात मी पाहिलेलं सर्वांत ख्रिस्ती कृत्य ते होतं.

‘तुम्ही बाटवायला आलात’ हे मात्र मी जव्हारच्या एसटी स्टँडवर, शाळेच्या व्हरांड्यात, सरकारी कचेरीत अनेकदा ऐकलं. कधी हसत, कधी दात आवळून. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तर त्याचा अनुसूचित जमातीचा दाखला आजच्या कायद्याने जात नाही, आणि तो जावा म्हणून मोहीमही चालते. या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट फार सोपी वाटते, ती म्हणजे दुसऱ्याचा हेतू ओळखणं. तो पोटासाठी गेला, त्याला फसवलं, त्याला पैसे दिले. किंवा आमच्या बाजूने, त्याला साक्षात्कार झाला. मी त्यांच्या घरात राहिले, त्यांच्या बाळंतपणात हात घातले, तरी कोणाच्या मनात नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या स्वतःच्या पूर्वजांचं तरी कुठे सांगता येतं? १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर आमची माणसं ख्रिस्ती झाली ती जमिनीसाठी, भीतीपोटी, मानासाठी की खऱ्या ओढीने, हे कोण जाणे. चारही कारणं असतील, एकाच घरात असतील. पण १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, फायदा करून देणारं राज्य गेलं, काहींची शुद्धीही झाली, आणि तरी बरीच घरं क्रूस धरून राहिली. आरंभाच्या हेतूवरून शेवट ठरवता आला असता तर मी आज ख्रिस्ती नसते.

वसईचा संत गोन्सालो गार्सिया आठवा. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, आमच्या निम्म्या नातलगांनी तिथून पदवी घेतली. तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, त्यांच्यात त्याला प्रवेश मिळाला नाही, मग व्यापारात शिरला आणि चांगला पैसा केला. तो पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि जपानला परत गेला तो दुभाष्या म्हणून, कारण जेझुइटांबरोबर काढलेल्या वर्षांमुळे त्याला भाषा उत्तम येत होती. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. जेझुइटांच्या दारात काढलेली ती वर्षं वाया गेली की कामी आली, हे त्या वर्षांत त्याला कोणी विचारलं असतं तर तो काय बोलला असता?

पगाराबाबत मात्र मला रेव्हरंड टिळक नेहमी अडचणीत टाकतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे मिशनच्या पगारावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं आणि १९१७ साली तो पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. परदेशी मिशनच्या पैशाला बांधलेलं काम आणि मोकळेपणी केलेलं काम यांतला फरक त्यांना सलत होता. मी पगार सोडला नाही. भावंडं शिकायची होती, नंतर आईचं आजारपण निघालं. पण दर महिन्याच्या सहीच्या वेळी टिळक आठवायचे, एवढं खरं.

आमच्या बाजूचं वाईटही सांगते. बाहेरून येणारी काही प्रार्थनामंडळं होती, आमच्या चर्चची नव्हेत, पण लोकांना काय फरक कळणार, क्रूस तोच. एका तरुणाचे क्षयाच्या गोळ्यांचे सहा महिने मी डोळ्यांत तेल घालून चालवले होते. निम्म्यात त्याला कोणीतरी डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तू बरा झालास, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. त्याने गोळ्या बंद केल्या. परत आला तो रक्त ओकत. हात ठेवणाऱ्याचा हेतू कदाचित निर्मळही असेल. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. निर्मळ हेतूने बंद झालेली गोळी तितकीच बंद असते. त्या दिवसापासून कोणी चांगल्या भावनेने केलं असं सांगायला लागला की मी आधी विचारते, काय केलं?

आता ज्या गोष्टीने माझी भाषा बदलली ती सांगायला हवी. नाल्यापलीकडचा एक पाडा. भाद्रपद. दीड वर्षाची मुलगी, वजन सहा किलोही नाही, दंडाचा घेर लाल पट्टीत. न्यूमोनिया झाला आणि रात्री छाती उडायला लागली. नाला भरून वाहत होता, आमची जीप अलीकडे, मुलगी पलीकडे. पहाटे पाणी उतरल्यावर बापाने तिला छातीशी धरून नाला पार केला, आम्ही जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाकडे निघालो. अर्ध्या वाटेत माझ्या मांडीवर तिचा श्वास थांबला.

काही दिवसांनी शहरातून एक प्रार्थनेचा गट भेटीला आला. त्यांतल्या एक बाई मनाने खरोखर मऊ होत्या. त्यांनी आईला जवळ घेतलं आणि सांगितलं, की ही देवाची योजना होती, देवाने आपल्या बागेसाठी हे फूल उचलून नेलं. ती आई वारलीण, माझ्याहून लहान. तिने शांतपणे विचारलं, “तुमचे देवाकड फुलां नव्हती का?”

कोणी काही बोललं नाही. बाई रडायला लागल्या. त्यांना मी दोष देत नाही. असली वाक्यं आपल्याकडे मयताच्या घरी चहासारखी फिरतात. पण मी खोलीवर आले आणि त्या मुलीच्या मरणाची कारणं वहीत लिहून काढली, जशी मृत्यू अन्वेषणात लिहितात. आईचं लग्न सोळाव्या वर्षी. गरोदरपणी रक्त कमी. आठव्या महिन्यापर्यंत वीटभट्टीवर काम, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची होती म्हणून. जन्मतः वजन कमी. आषाढात घरातली नागली संपली. नाल्यावर साकव नाही. यातली एकही कडी देवाने जोडलेली नव्हती. माणसांनी जोडलेली होती. त्यांत सरकार आलं, मुकादम आला, आणि त्या विटांनी वसईत बंगले बांधणारे आम्हीही आलो. त्या सगळ्यावर देवाचं नाव टाकलं की कोणालाच काही करायला नको.

मग योसेफाची गोष्ट मी परत वाचली. भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, मिसर देशात तुरुंग झाला, आणि शेवटी दुष्काळात त्याच भावांना तो धान्य देतो. तुम्ही वाईट योजलंत पण देवाने त्यातून भलं साधलं, अशा अर्थाचं तो बोलतो. आजीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मला ते वाक्य गोष्टीचं तात्पर्य वाटलं होतं. आता दिसलं ते, ते कोण बोलतंय हे. योसेफ बोलतो. खड्ड्यात जो पडला होता तो बोलतो, तेही कैक वर्षांनी. भावांनी हे वाक्य उच्चारलं असतं तर तो निर्लज्जपणा झाला असता. ईयोबाच्या मित्रांचंही तसंच. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट जमिनीवर बसून होते तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून देवाची बाजू मांडायला घेतली तेव्हा.

तेव्हापासून ‘देवाची योजना’ हे शब्द मी दुसऱ्याच्या दुःखावर कधी ठेवले नाहीत. स्वतःपुरते वापरते. पगारासाठी आले आणि राहिले, यात त्याचा काही बेत असावा असं मला वाटतं. पण तो माझा खड्डा आहे, म्हणून मी बोलू शकते.

त्या नाल्यावर पुढे साकव झाला. गावाने अर्ज केले, आम्ही अर्ज लिहून दिले, कागद वर्षानुवर्षं फिरले आणि काम अखेर झालं ते निवडणुकीच्या तोंडावर. एका तरुण फादरांनी मला विचारलं, बाई, ह्याला देवाची योजना म्हणता येईल ना? मी म्हटलं, ते त्या मुलीच्या आईला विचारा. त्यांनी विचारलं नाही. बरं केलं.

देणाऱ्यांचे हेतू हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर थोडक्यात. एका शहरी दात्याने पाड्यावर हापशी बसवून दिली आणि तिच्या डोक्यावर आपल्या आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी. हापशी चैत्रात आटते, पाटी बारा महिने उभी असते. तरी पाच-सहा महिने पाणी मिळतं आणि त्या पाटीवर बायका कपडे वाळत घालतात, तेव्हा माझी तक्रार नाही. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो, की काहीजण हेव्याने आणि चढाओढीने ख्रिस्ताचा प्रचार करतात, काही सदिच्छेने; कसाही होवो, प्रचार होतोय यात मला आनंद आहे. हाच पौल करिंथकरांना बजावतो, की सगळी मालमत्ता वाटून टाकली पण प्रीती नसली तर मला काही लाभ नाही. मला, म्हणजे देणाऱ्याला. घेणाऱ्याच्या पोटात भाकरी गेलेलीच असते.

म्हणून वसईच्या माझ्या माणसांना हेतू शुद्ध करून या असं मी सांगणार नाही. तशी वाट बघत बसलात तर कोणीच यायचं नाही. वेळ तेवढी बदला. तुम्ही नाताळात येता, ब्लँकेटं, फराळ आणि जुने कपडे घेऊन. नाताळात आमचे पाडे निम्मे रिकामे असतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं मुलाबाळांसकट कामाला खाली उतरतात, वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, आणि होळीला परततात. ब्लँकेटं घ्यायला मागे उरतात ती म्हातारी माणसं, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही एवढी वाट तुडवत येता ती तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, ताडपत्रीच्या झोपडीत असतात. तेव्हा नाताळात जव्हारला येऊ नका. आपल्या जवळच्या भट्टीवर जा, तिथल्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावं लिहून घ्या, ती जवळच्या अंगणवाडीच्या यादीत चढतील असं बघा, आणि गावाकडच्या रेशनकार्डावर तिथेच धान्य मिळतंय का ते दुकानात जाऊन विचारा. आमच्याकडे यायचं तर आषाढ-श्रावणात या, कणग्या रिकाम्या असतात तेव्हा. तूरडाळ, तेल आणि शेंगदाणे आणा. धबधबा त्या दिवसांत भरलेला असतो, तोही बघून जा.